एकच रानवाट, चालणारे आणि सायकलवाले: वाट, टायर, ब्रेक, चिखल आणि डागडुजी

रानवाट (धागाकर्ता)

जंगलातल्या ज्या वाटा चालणारे आणि माउंटन बाइकवाले दोघंही वापरतात, त्यांच्यावरची चर्चा बहुतेक वेळा "वाट कोणी बिघडवली" इथेच अडकते. त्यापेक्षा कामाची माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा. सायकलची तयारी, उतारावरचा ताबा, चालणाऱ्यांनी घ्यायची काळजी, डागडुजी, सगळं चालेल. सुरुवात वाटेपासून करूया, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

वाट खाते ती पाण्याची धार. पाय आणि टायर माती सैल करतात, पण ती वाहून नेतं पाणी. ते वाटेला आडवं ओलांडून गेलं तर नुकसान किरकोळ. वाटेच्या लांबीने वाहू लागलं तर एका जोरदार पावसात चर पडतो, पुढच्या पावसात तो खोल होतो, लोक चराच्या कडेने जाऊ लागतात आणि अर्ध्या मीटरची वाट बघता बघता दोन मीटरची होते.

यावर पहिला उपाय म्हणजे निम्म्याचा नियम. वाटेचा चढ हा ज्या डोंगरउतारावरून ती जाते त्याच्या निम्म्याहून जास्त नको. उतार ३० टक्के असेल, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ३० मीटर उंची, तर वाट १५ टक्क्यांपर्यंत चालेल. उतारच १२ टक्के असेल तर वाट ६ टक्क्यांच्या आत हवी. त्यापुढे गेलं की पाणी वाट ओलांडायचं सोडून वाटेनेच खाली धावतं. पूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आत राहिली तर बहुतेक प्रकारच्या मातीत ती टिकते.

वाटेचा तळ दरीच्या बाजूला थोडा कललेला हवा, साधारण ५ टक्के, म्हणजे एक मीटर रुंदीला ५ सेंटीमीटर. फळी आणि पाणसळ घेऊन गेलं की लगेच तपासता येतं. नव्या वाटेवर हा कल असतो. वापराने मधला भाग दबतो, दरीकडच्या काठावर मातीचा छोटा बांध उभा राहतो आणि तोच पाणी अडवून ठेवतो. डागडुजीचं निम्मं काम म्हणजे हा काठ फावड्याने उतरवणं.

शिवाय लांब उतारात साधारण दर ६ ते १५ मीटरवर वाट दोन-चार पावलं वर चढून पुन्हा उतरली पाहिजे. त्या खोलगट जागेतून पाणी बाहेर पडतं. माती भुसभुशीत आणि उतार तीव्र असेल तितकं हे अंतर कमी ठेवायचं.

आडवं लाकूड गाडून पाणी वळवायची पद्धत जुनी असली तरी सामायिक वाटेवर मला ती पटत नाही. लाकडामागे गाळ साचतो आणि ते निकामी होतं, ओल्या तिरक्या लाकडावर सायकलचं पुढचं चाक हमखास सरकतं आणि चालणारे त्याला वळसा घालून वाट रुंद करतात.

दोनचाकं

छान मांडणी. सायकलच्या बाजूने टायरपासून सुरू करतो. चुकीच्या दाबाने माणूसही पडतो आणि वाटही उकरली जाते.

टायर २.३ ते २.४ इंच रुंद, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), आणि सामानासकट ७५ किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे २० ते २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागे २३ ते २५ इथून सुरुवात करा. वजनात ५ किलोचा फरक असेल तर पाऊण-एक पीएसआय इकडेतिकडे. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ४-५ जास्त ठेवावा लागतो. नाहीतर दगडाच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. अशी जोडचीर दिसली की काटा शोधत बसू नका, दाब कमी होता एवढंच त्याचं कारण.

दाब जास्त असेल तर टायर मुळांवरून उडत जातो आणि चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरून माती भिरकावतं. कमी असेल तर जोरात घेतलेल्या वळणावर टायरची बाजू दुमडते, ट्यूबलेसमधून हवा निसटते आणि रिमला पोचा बसतो. एका वेळी एकच पीएसआय बदलून तेवढ्याच वाटेवर पुन्हा चालवून बघणं, याला दुसरा सोपा मार्ग नाही.

मोठ्या उभ्या पंपावरचा काटा १००-१५० पीएसआयपर्यंत मोजायला बनवलेला असतो, २० च्या आसपास त्याच्यावर भरवसा नको. कमी दाबासाठीचा वेगळा गेज ठेवा आणि नेहमी तोच वापरा, म्हणजे गेज थोडा चुकीचा असला तरी तुलना बरोबर राहते. हवेचं तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की २५ पीएसआयच्या टायरमधला दाब सव्वा ते दीड पीएसआयने कमी होतो. घरात भरून थंड पहाटे वाटेवर गेलात तर हे लक्षात असू द्या.

सीलंट, म्हणजे ट्यूबलेसची भोकं आतून बुजवणारं द्रव, २९ इंची, २.४ रुंद टायरला १०० ते १२० मिली लागतं आणि दोन ते सहा महिन्यांत वाळतं, गरम कोरड्या हवेत त्याहून लवकर. चाक काढून कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्व्हचा कोअर काढून ५०-६० मिली आणखी सोडा.

पायपीट

आता चालणाऱ्यांच्या बाजूने. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने सायकलवाल्यांसाठी घालून दिलेला नियम बहुतेक ठिकाणी मानला जातो: सायकलवाला चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट देतो. चालणारा घोडेस्वाराला देतो. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणारा थांबतो, कारण तीव्र चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा निघणं कठीण. फक्त सायकलींसाठी किंवा एकाच दिशेसाठी राखलेल्या वाटेवर फलकावर लिहिलं असेल ते पाळायचं.

प्रत्यक्षात अनेकदा चालणाराच बाजूला होतो, कारण त्याला ते सोपं असतं. पण ते त्याने ठरवायचं. घंटी वाजवली म्हणजे वाट आपली झाली असं नाही. मागून येताना १५-२० मीटरवरून आवाज द्या, वेग चालण्याइतका करा, आणि मागे किती जण आहेत ते सांगा: "आणखी दोघं आहेत." हे वाक्य सगळ्यांत उपयोगी, कारण पहिला गेल्याबरोबर चालणारा वाटेवर परत येतो आणि दुसरी सायकल त्याच्या अंगावर येते.

चालणाऱ्यांनीही काही गोष्टी पाळायच्या आहेत. दोन्ही कानांत इअरफोन नको. पुढचं दिसत नाही अशा वळणावर बसायला थांबू नका. कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवा, कारण माणूस एका काठाला, कुत्रा दुसऱ्या काठाला आणि मध्ये ताणलेला पातळ पट्टा सायकलवाल्याला दिसत नाही. बाजूला होताना झाडीत आत शिरायचं नाही, काठावरचा दगड किंवा घट्ट जागा बघून तिथेच उभं राहायचं. घोडा समोर आला तर दरीच्या बाजूला उभं राहून साध्या आवाजात बोलत राहा. बिथरलेला घोडा वरच्या बाजूला जाईल तर ते स्वाराच्या हिताचं.

उतारपंथी

पायपीट यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. माणूस दिसल्यापासून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद धरा, तिथेच ७ मीटर गेले. सुट्या मातीवर चांगला चालवणाराही गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पटीच्या आसपासच वेग कमी करू शकतो, म्हणजे आणखी ६ मीटर. सपाटीवर एकूण १३. दहा टक्के उतारावर तेच १५ च्या पुढे जातं. ताशी १५ किलोमीटर वेग असेल तर सपाटीवर साडेसहा मीटर पुरतात.

आता वळणावर पुढची वाट किती मीटर दिसते ते बघा. त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. निम्म्या अशासाठी की समोरूनही सायकल येत असू शकते आणि तिलाही थांबायला तेवढीच जागा लागणार. झाडी दाट असेल तिथे याचा सरळ अर्थ ताशी १२-१५.

ब्रेकबद्दल. दोन्ही बाजूंना एकेकच बोट ब्रेकवर, बाकीची हँडलवर. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात सोडलेला. ब्रेक सतत थोडा-थोडा दाबून ठेवू नका: घट्ट दाबा, वेग उतरवा, सोडा. सोडल्यावर डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत रिपॅक नावाची उतारावरची पहिली सायकल शर्यत झाली, तेव्हा मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस त्या उतारावर जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. आज हब शाबूत राहतो, पण ती उष्णता पॅड आणि तेलात जाते. लांब उतारावर लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागली किंवा जळका वास आला तर थांबा. गरम डिस्कला हात लावू नका, पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

नवे पॅड लावल्यावर ताशी २०-२५ वरून चालण्याच्या वेगापर्यंत पंधरा-वीस वेळा आणा, चाक न अडवता. हे टाळलं की पॅड किंचाळतात आणि पकड कमी राहते. पॅडचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदला. शिमानोच्या डिस्कला १.५ मिलिमीटर ही खालची मर्यादा, इतर कंपन्यांचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. चेनवर तेलाचा फवारा मारताना तो डिस्कवर गेला तर पॅड बहुधा फेकावेच लागतात, म्हणून थेंब टाकायची बाटलीच वापरा. आणि मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक तेल) किंवा उलट कधीही घालू नका. आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक ऐन उतारावर दगा देतो.

नवाभिडू

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. हार्डटेल आहे, पुढे १२० मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क, टायर २.३५, आत ट्यूब. सामानासकट वजन ६५ किलो. ओल्या मुळांवर मागचं चाक सरकतं आणि तीव्र चढावर पुढचं चाक उचललं जातं. दाब बघावा, फोर्क बघावा की बसण्याची पद्धत?

दोनचाकं

तिन्ही, पण याच क्रमाने.

दाब पुढे २३, मागे २७ ठेवून बघा. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नाही, सगळा मार टायरवर येतो, म्हणून मागे एखादा पीएसआय जास्त धरलाय.

फोर्क स्वतःच्या वजनाने किती बसतो ते मोजा. हेल्मेट, बॅग, पाणी, सगळं अंगावर घेऊन पेडलवर उभं राहा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा. फोर्कच्या नळीवरचा रबरी रिंग खाली सरकवून हळूच उतरा, उडी नको. तो २० टक्के, म्हणजे २४ मिलिमीटर वर दिसला पाहिजे. ३० मिलिमीटरच्या पुढे गेला तर हवा कमी आहे, १५ च्या आत असेल तर जास्त. मागे शॉक असलेल्या सायकलवर २५ ते ३० टक्के ठेवतात, पण ते शॉकच्या दांड्याच्या चालीवर मोजायचं. दांडा ५० मिलिमीटर सरकत असेल तर १५. चाकाची चाल १३० आहे म्हणून शॉकवर ३९ मिलिमीटर शोधणारे बरेच दिसतात, तेवढा तो बसला तर फारसं काही शिल्लक उरणार नाही.

मग रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क वर येण्याचा वेग. फोर्क दाबून एकदम सोडा. तो झटकन वर यावा, पण पुढचं चाक जमिनीवरून उडू नये. फार संथ ठेवला तर एकामागून एक मुळं आली की फोर्क वर यायच्या आतच पुन्हा दाबला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या मुळाला लाकडासारखा कडक होतो.

आता पद्धत. ओलं मूळ, त्यातही साल निघालेलं, काटकोनातच ओलांडायचं. त्याच्या आधीच वेग ठरवा. मुळावर असताना ब्रेक नाही, पेडलवर जोर नाही, हँडल वळवणं नाही. पेडल आडवे, गुडघे-कोपरं सैल, आणि चाक मुळावर येताना अंग जरा हलकं करायचं. मूळ वाटेला तिरकं असेल तर आधी थोडी बाजू घेऊन कोन सुधारा. जागा नसेल तर सरळ उतरून ढकला.

चढावर सीटच्या टोकावर सरका, छाती खाली, कोपरं जमिनीकडे. हँडल ओढू नका, ओढल्यानेच चाक उचलतं. गिअर सगळ्यात हलक्याच्या एक पाऊल आधीचा घ्या. सगळ्यात हलक्यावर प्रत्येक झटक्याला चाक फिरून जातं.

चिकणमाती

पाऊस थांबल्यावर २४ तास वाटेवर जाऊ नये असा नियम सरसकट सांगितला जातो. तो फारसा उपयोगाचा नाही. वाळूमिश्रित किंवा मुरमाड मातीची वाट दोन-चार तासांत निचरते आणि थोडी ओलसर असताना उलट जास्त घट्ट असते. चिकणमातीला मात्र तीन-चार दिवसही कमी पडतात. दाट सावलीचा भाग, उन्हाकडे पाठ असलेला उतार, ओहळाजवळचा सखल तुकडा, एकाच वाटेवर हे सगळं वेगवेगळं वाळतं.

म्हणून घड्याळापेक्षा माती बघा. मूठभर माती दाबा. पाणी सुटलं किंवा बोटांना चिकट लांब गोळा राहिला तर परत फिरा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला तर चला. वाटेवर गेल्यावरही बूट एक-दोन सेंटीमीटरहून खोल रुतू लागला किंवा टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत दिसू लागल्या तर तिथून माघारी. हे चालणाऱ्यांनाही तितकंच लागू आहे.

एखादंच डबकं असेल तर ते मधून पार करा, कडेने नाही. कडेने गेलेला प्रत्येक जण डबकं मोठं करतो. मात्र डबक्यामागे डबकं असेल तर मधून जाणंही चूकच, त्या दिवशी ती वाट सोडून द्यावी.

उतारपंथी

शेवटच्या वाक्याशी सहमत. पण "चालणाऱ्यांनाही तितकंच" यावर एक भर. १९९४ मध्ये विल्सन आणि सेनी यांनी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या वाटांवर मोजणी केली होती. घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सैल केली, विशेषतः वाट ओली असताना. त्यामुळे सायकलवाल्यांवर सगळा दोष टाकणं योग्य नाही.

रानवाट (धागाकर्ता)

तो निष्कर्ष बरोबर, पण त्यावरून सायकली निरुपद्रवी ठरत नाहीत. तिथे मोजली ती सैल झालेली माती. टायर सलग रेघ ओढतो, पावलं तुटक खड्डे करतात. ओल्या उतारावर ती सलग रेघ पाण्याला आयता पाट देते. त्यात मागचं चाक अडवून घसरत गेलं की वरचा दबलेला थरच खरवडून निघतो. चालणाऱ्यांचं नुकसान दुसऱ्या जातीचं: नागमोडी वळणं सरळ कापणं. दोन वळणांमधला तो आडफाटा थेट उताराच्या दिशेने असतो, निम्म्याचा नियम तिथे पूर्ण मोडतो. त्यामुळे दोघांनी आपापलं सांभाळावं, हे माझं मत कायम.

नवाभिडू

दाब बदलून फरक पडला, आभार. वळणांच्या आधी वाटेवर लाटांसारखे खड्डे झालेत आणि झाडांची मुळं उघडी पडलीत. खड्डे बुजवले तरी परत होतात. असं का?

रानवाट (धागाकर्ता)

कारण खड्डा हा परिणाम आहे. सगळे एकाच जागी जोरात ब्रेक लावतात, चाक उड्या मारतं, प्रत्येक उडीत थोडी माती ढकलली जाते. नुसती माती भरली तर ती आणखी मऊ असते, लगेच निघते. वेग आधीच कमी करावा लागतो. वळणाच्या १०-१५ मीटर आधी वाटेत एक छोटा चढ द्या, किंवा दोन मोठे दगड पुरून वाट अरुंद करा, म्हणजे ब्रेक विखुरला जातो. दगड गाडताना दोन तृतीयांश जमिनीत गेले पाहिजेत, नाहीतर हलतात. त्यानंतर खड्डे भरा: आधी कुदळीने तळ उकरून खडबडीत करायचा, मग पालापाचोळा, काड्या नसलेली खालच्या थरातली माती ५ सेंटीमीटरच्या थरांनी घालायची आणि प्रत्येक थर ओलसर असताना धुमसाने ठोकायचा. काळी, कुजलेल्या पानांची माती वापरू नका, ती पाणी धरून ठेवते.

उघडी मुळं कापायची नाहीत. पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या मीटरमध्येच असतात, आणि मूळ कापलं की तिथून कुजणं सुरू होतं. माती कुठून जाते ते शोधा, तिथला काठ उतरवून पाण्याला बाजू द्या. मग मुळांच्या मधल्या फटीत चपटे दगड घट्ट बसवा. चालणाऱ्याला पायरी मिळते, सायकलला सलग तळ.

आणि हे सगळं जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या परवानगीनेच. चांगल्या हेतूने बेकायदा केलेल्या कामामुळे सायकलींसाठी वाट कायमची बंद होऊ शकते.

पायपीट

सायकलवाल्यांचंच चाललंय, चालणाऱ्यांसाठी थोडं.

वेळेचा अंदाज नाइस्मिथच्या १८९२ च्या नियमाने करा: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाईला एक तास. ८ किलोमीटर आणि ४५० मीटर चढाई असेल तर १ तास ३६ मिनिटं अधिक ४५ मिनिटं, म्हणजे २ तास २१ मिनिटं, विश्रांती सोडून. उताराची दुरुस्ती लँगमुइर यांनी नंतर सुचवली: ५ ते १२ अंशांच्या उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा, १२ अंशांहून तीव्र असेल तर १० मिनिटं अधिक. मुळं, पाला, ओले दगड असलेल्या जंगलात मी यावर आणखी एक चतुर्थांश धरतो. अंधार पडायच्या किमान एक तास आधी बाहेर पडता येईल असं मागे मोजत निघायची वेळ ठरवा, कारण झाडांखाली उजेड लवकर जातो.

बूट घेताना जाड मोजे घालून उतारावर उभं राहून बघा. बोटं पुढे टेकली तर लांब उतारावर नखं काळी होणार. बुटाच्या वरच्या दोन भोकांत नाडीचा फास करून तिथून ओढून बांधली की टाच मागे घट्ट बसते. काठ्या सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतक्या, चढावर ५ सेंटीमीटर आखूड, उतारावर ५ ते १० लांब. मनगटाच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा. पण दाट मुळांच्या किंवा दगडांच्या फटींच्या भागात पट्टा काढून ठेवा, काठी अडकून तुम्ही पडलात तर मनगट तिच्याबरोबर जातं.

पाणी मध्यम हवेत तासाला अर्धा लिटर धरा, उकाड्यात वाढवा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, वाटेची नोंद असलेल्या जीपीएक्स फाइलसकट, आणि फोन विमान मोडवर ठेवा. सिग्नल शोधण्यातच बॅटरी जास्त जाते.

सुटेभाग

सायकलबरोबर काय न्यायचं, यावर. ट्यूबलेस असेल तरी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, टायरचं भोक बुजवायच्या पट्ट्या आणि त्यांची सुई, चेनतोड असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनच्याच स्पीडचा जोडदुवा, केबल टाय, आणि तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा. शेवटची वस्तू लोक विसरतात. उजव्या बाजूला पडलं की हँगर वाकतो, आणि तसंच सगळ्यात मोठ्या गिअरवर टाकलं की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो. पडल्यानंतर चढाला लागण्याआधी मागून बघा: डिरेलरचा पिंजरा चेनच्या रेषेत उभा आहे की आत झुकलाय. झुकला असेल तर मोठे दोन गिअर न वापरता सावकाश परत या.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायरच्या आत बोट फिरवून सगळे काटे काढा. सीलंटने बंद केलेले काटे आतच असतात आणि नवी ट्यूब लगेच फोडतात. टायरच चिरला असेल तर आतून दुमडलेलं प्लॅस्टिकचं वेष्टन किंवा जुन्या टायरचा तुकडा लावून कमी दाबावर घरी जाता येतं.

चेन मोजायचं गेज घ्या. ११ आणि १२ स्पीडला ०.५ टक्के लांबली की बदला, १० आणि त्याखाली ०.७५ पर्यंत चालतं. पुढे ओढलं की कॅसेटचे, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचे, दातही झिजतात आणि नवी चेन त्यावर उडते. हँडल स्टेमचे बोल्ट सहसा ५ न्यूटन मीटरचे असतात, पण स्टेमवर लिहिलेला आकडाच खरा. कार्बन हँडल असेल तर टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका.

हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्यांचा व्ही कानाच्या पाळीखाली, हनुवटीखाली एक-दोन बोटं मावतील इतका घट्ट. एकदा जोरात आपटलं की वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं, आतला फोम एकदाच दबतो. पडलेला माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, उलटी झाली किंवा तोल जाऊ लागला तर त्याला सायकलवर बसवू नका. चालवत किंवा मदत मागवून डॉक्टरकडे न्या.

चिकणमाती

रानवाट, एक राहिलं. उतारावरच्या वाटेचं सगळं पटलं. पण सपाट, सखल तुकड्यात काठ उतरवून पाणी जाणार कुठे? तिथे कितीही फावडं चालवलं तरी तळं होतंच.

रानवाट (धागाकर्ता)

अशा जागी दोनच पर्याय टिकतात. शक्य असेल तर वाटच उचलून जवळच्या उतारावर न्या, अगदी १०-१२ टक्क्यांचा उतार मिळाला तरी पुरे. तिथे वाट ५-६ टक्क्यांत आखता येते आणि पाणी ओलांडून जातं.

ते जमत नसेल तर तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करा. दोन्ही काठांना दगडांची ओळ, ते अर्ध्याहून जास्त गाडलेले, मध्ये खाली मोठी खडी, वर मुरूम किंवा खालच्या थरातली माती, ठोकून १५ ते २० सेंटीमीटर उंची, आणि मधोमध काठांपेक्षा ३-४ सेंटीमीटर फुगवटा. माती वाटेच्या कडेलाच खणून घेऊ नका, तिथे नवं डबकं होतं. थोडं लांबून, झाडांच्या मुळांपासून दूर, उथळ खड्ड्यातून घ्या आणि तो पाल्याने झाका. पाण्याचा प्रवाह एका बाजूने दुसरीकडे जात असेल तर मधे दगडांच्या फटीची मोरी सोडावी लागते, नाहीतर तुमचा बांधच धरण होतो.

वाट हलवली तर जुनी नीट बंद करावी लागते. नुसती फांदी आडवी टाकली तर लोक ती बाजूला करतात. जुन्या वाटेचा दबलेला तळ कुदळीने १०-१५ सेंटीमीटर उकरा, पाला पसरा, जवळपासचीच रोपं लावा, आणि दोन्ही तोंडांना वाटेवरून जितकं दिसतं तितक्या सगळ्या भागात ओंडके आणि फांद्या उभ्या-आडव्या गाडा. आतला न दिसणारा भाग नंतर सावकाश केला तरी चालतो.